धुतलेल्या कोंबडीची वकिली

‘क्लोरीनमध्ये बुडवलेली कोंबडी’ हे शब्द कानावर पडले की माझं डोकं फिरायचं. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन मी अमेरिकेत गेलो आणि नोकरीचा बहुतेक काळ जॉर्जिया राज्यातल्या कोंबडीच्या कारखान्यांत, गुणवत्ता तपासणीच्या कामात काढला. उत्तर जॉर्जियातलं गेन्सव्हिल हे शहर स्वतःला जगाची पोल्ट्री-राजधानी म्हणवून घेतं. तिथल्या एका बागेत उंच संगमरवरी खांबावर ब्राँझचा कोंबडा उभा आहे. अशा मुलखात कोंबडीचं मांस रसायनाने धुण्याची बाजू घेणारा माणूस काही विशेष नव्हे. पण मी ती वकिली नुसती पगारासाठी केली नाही, मला ते मनापासून पटलेलं होतं. आज पूर्वीइतकं पटत नाही. कुठे आणि का पटत नाही, आणि मुख्य म्हणजे किती पटत नाही, ते लिहायचं आहे. ‘किती’ यासाठी, की माझे जुने सहकारी आता मला युरोपवाल्यांच्या गोटात ढकलतात, आणि तिथेही मी नीट बसत नाही.

आधी कारखान्यात काय होतं ते सांगतो. या वादात तावातावाने बोलणाऱ्या बहुतेकांनी तो आतून पाहिलेला नसतो. पक्षी उलटे टांगून लाइनवर येतात. अमेरिकेत अनेक कारखान्यांना मिनिटाला 140 पक्ष्यांपर्यंत वेग ठेवायची परवानगी आहे. मान कापल्यावर पक्षी 50 ते 60 अंशांच्या गरम पाण्यातून जातो, म्हणजे पिसं सैल होतात. मग रबरी बोटांची यंत्रं ती उपटतात. पिसं निघाल्यावर कातडीवर उरणाऱ्या बारीक छिद्रांत जीवाणू जाऊन बसतात. पुढे यंत्र आतडी बाहेर काढतं. पक्षी लहान-मोठे असतात, यंत्राचा हात मात्र एकाच मापाचा, त्यामुळे एखादं आतडं फाटतं आणि आतला ऐवज अंगावर सांडतो. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे दोघे मुक्कामाला असतात ते त्या आतड्यातच. शेवटी चिलर. हजारो पक्षी एकाच थंडगार पाण्याच्या लांबलचक टाकीतून सरकत जातात आणि 4 अंशांच्या आसपास येऊन बाहेर पडतात.

या शेवटच्या टाकीत नुसतं पाणी असेल तर एका पक्ष्याचे जीवाणू पुढच्या शंभरांना लागतात. म्हणून पाण्यात जंतुनाशक. पूर्वी क्लोरीन असायचं, चिलरच्या पाण्यात जास्तीत जास्त 50 पीपीएम. क्लोरीनची खोड अशी, की रक्त, चरबी, पिसांचा गाळ असं जे भेटेल त्याच्याशी ते आधी झुंजतं आणि जीवाणूपर्यंत पोचेस्तोवर दमून जातं. पाण्याचा सामू वाढला तर आणखीच लुळं पडतं. त्यामुळे उद्योग हळूहळू पेरॅसेटिक आम्लाकडे वळला. चरबी-रक्तात ते क्लोरीनपेक्षा टिकतं आणि काम झाल्यावर त्याचं व्हिनेगरातलं आम्ल, पाणी आणि ऑक्सिजन होतं. ‘क्लोरीनची कोंबडी’ म्हणून जिची बदनामी चालू आहे, ती हल्ली बहुतांशी क्लोरीनची नसतेच. (या आम्लाच्या वाफेने डोळे चुरचुरतात, घशात खवखवतं. टाकीजवळ पाळी करणाऱ्या मजुरांना ते रोज सोसावं लागतं, आणि हवेत ते किती असावं याची सक्तीची मर्यादा अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने आजवर घातलेली नाही. ग्राहकाच्या पोटाची चर्चा जगभर झाली, या मजुरांच्या फुप्फुसाची फारशी झाली नाही.)

चांगल्या धुण्याने पक्ष्यावरचे 90 ते 99 टक्के जीवाणू जातात. आमच्या भाषेत एक ते दोन लॉग. आमच्या प्रयोगशाळेत हे रोज दिसायचं. मग युरोपातली कुणी मंडळी नाक मुरडून ‘आम्ही फक्त पाणी वापरतो’ म्हणाली की मला ती सोवळ्यातली वाटायची. युरोपीय संघाने अशी धुतलेली अमेरिकन कोंबडी 1997 पासून बंद ठेवली आहे. पुढे त्यांच्याच अन्नसुरक्षा संस्थेने 2005 मध्ये चार रसायनं तपासली आणि ठरलेल्या प्रमाणात वापरली तर खाणाऱ्याला धोका दिसत नाही, असा निर्वाळा दिला. तरी 2008 मध्ये सदस्य देशांनी ती वापरायला नकार दिला. शास्त्र हो म्हणतंय आणि राजकारण नाही, अशी माझी सरळ मांडणी होती.

2017 च्या जुलैत ब्रिटनचे व्यापारमंत्री लियम फॉक्स व्यापाराच्या वाटाघाटींसाठी वॉशिंग्टनला आले आणि लंडनच्या वर्तमानपत्रांत ही कोंबडी पहिल्या पानावर गेली. लेस्टरला राहणारी माझी मावसबहीण फोनवर म्हणाली, “दादा, तुमच्याकडे कोंबडी म्हणे स्विमिंग पूलमध्ये बुडवतात!”

मी तयारच होतो. “अगं, तुझ्या नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे. मावशी मुंबईत जन्मभर तेच पाणी प्यायली. पिशवीतला धुतलेला पालक आणतेस ना तू? विचार दुकानदाराला कशात धुतला ते.”

“ते कळलं रे. पण एवढं धुवायची वेळ का येते तुमच्यावर?”

मी लाइनचा वेग, उत्पादनखर्च, अमेरिकेची लोकसंख्या असं पुष्कळ बोललो. तिच्या त्या एका प्रश्नाने माझं मत बदललं असं लिहिलं तर गोष्ट छान होईल, पण तसं झालं नाही. शंका तिच्या आधीच शिरली होती, आणि तीही एका रटाळ सरकारी सूचनेतून.

तपासणीचा नमुना कसा घेतात ते इथे सांगावं लागेल. चिलरमधून बाहेर आलेला पक्षी उचलायचा, मिनिटभर निथळू द्यायचा, निर्जंतुक पिशवीत घालायचा, वर 400 मिली पोषक द्रव ओतायचा आणि मिनिटभर खळखळून हलवायचा. तो द्रव बाटलीत भरून बर्फाच्या खोक्यातून सरकारी प्रयोगशाळेकडे. तिथे तो दुसऱ्या दिवशी उघडणार आणि साल्मोनेला आहे की नाही ते सांगणार. ‘नाही’ आलं की पक्षी स्वच्छ, कारखाना वरच्या श्रेणीत, आम्ही खूश.

आता हा पक्षी जंतुनाशकातून ताजा बाहेर आलेला. मिनिटभर निथळून त्याच्या अंगावरचं सगळं आम्ल जात नाही. ते पिशवीत द्रवासोबत जातं, बाटलीत जातं आणि विमानातून प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासात जीवाणू मारत राहतं. म्हणजे दुकानात गेलेल्या पक्ष्यावर जिवंत असलेले जीवाणू बाटलीत मात्र मेलेले. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तपासणी विभागाने 1 जुलै 2016 पासून हा द्रव बदलला. उरलेलं जंतुनाशक निकामी करण्यासाठी त्यात सोडियम थायोसल्फेट, लेसिथिन आणि खाण्याचा सोडा घातला गेला.

यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. द्रव खात्याचा, पद्धत खात्याची, आम्ही ती इमानाने पाळत होतो. पण त्या सूचनेचा कागद हातात धरून बसल्यावर मला जाणवलं, की ज्या आकड्यांच्या जोरावर मी इतकी वर्षं छाती पुढे काढून बोलत होतो, त्यांत रसायनाने मांसावर केलेलं काम किती आणि बाटलीत केलेलं किती, हे वेगळं काढायची सोय नव्हती. जुने नमुने पुन्हा मोजता येत नाहीत. धुणं निरुपयोगी आहे असं यातून ठरत नाही. ठरतं एवढंच, की आमचा आरसा थोडा खुशामती होता.

खुशामत दुसऱ्या बाजूनेही होती. आम्ही तपासायचो अख्खा पक्षी. लोक घेतात तुकडे. 2013-14 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फॉस्टर फार्म्स या कंपनीच्या कोंबडीतून साल्मोनेला हायडेलबर्गची साथ पसरली. 29 राज्यं आणि प्वेर्तो रिको मिळून 634 रुग्णांची नोंद झाली, आणि खरे रुग्ण नोंदीपेक्षा नेहमीच पुष्कळ जास्त असतात. त्या काळात सरकारी निकष अख्ख्या पक्ष्याला होता, तुकड्यांना नव्हताच. देशभरच्या सरकारी पाहणीत कच्च्या तुकड्यांच्या जवळपास चौथ्या हिश्श्यात साल्मोनेला सापडला होता, अख्ख्या पक्ष्यात दिसायचा त्याहून किती तरी जास्त. कापताना छिद्रांत, घड्यांत लपलेले बाहेर येतात, आणि सुरी, पट्टा, यंत्र यांवरून एकाचे दुसऱ्याला लागतात. तुकड्यांसाठी निकष आला 2016 मध्ये: तंगडी, छाती, पंख यांच्या नमुन्यांत 15.4 टक्क्यांपर्यंत साल्मोनेला चालेल.

‘चालेल’ हे वाचून मराठी वाचक दचकेल. मीही पहिल्यांदा दचकलो होतो, मग सवय झाली. अमेरिकेत कच्च्या कोंबडीत साल्मोनेला सापडला म्हणून ती विकायला बंदी होत नाही. तिथल्या सार्वजनिक आरोग्य संघटनेने कृषी खात्यावर खटला भरला होता, निदान वेष्टनावर इशारा तरी छापा म्हणून. 1974 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने संघटनेच्या विरुद्ध निकाल दिला. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा, की मांस नीट शिजवून खायचं असतं हे घरच्या बाईला कळतं. गोमांसाच्या खिम्यातल्या ई. कोलाय ओ157 बाबत मात्र 1993 मध्ये हॅम्बर्गर खाऊन मुलं दगावल्यावर सरकारने पुढच्याच वर्षी तो जीवाणू असलेला खिमा भेसळ ठरवला. उद्योगाने तेव्हाही आकांत केला होता. नंतरच्या काळात तो आजार कमी झाला.

आमच्याकडे काय झालं? नमुन्यांत साल्मोनेला सापडण्याचं प्रमाण घटत गेलं, ते जुन्या द्रवातही आणि नव्या द्रवातही. माणसं आजारी पडण्याचं प्रमाण जागचं हललं नाही, वर्षाला लाखामागे 15 च्या आसपास रेंगाळत राहिलं. देशभरात सगळ्या खाद्यांतून आणि इतर वाटांनी मिळून वर्षाला साडेतेरा लाख माणसांना साल्मोनेलाची बाधा होते आणि सुमारे 420 दगावतात, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. कृषी खात्याने 2021 मध्ये स्वतःच कबूल केलं, की अन्नातून होणाऱ्या साल्मोनेलाच्या आजारांपैकी 23 टक्क्यांहून जास्त चिकन आणि टर्कीमुळे होतात, आणि मांसावरची घट आजारात उतरलेली नाही.

आता नाही म्हणायला जागा नव्हती, तरी मी शोधली. लोक नीट शिजवत नाहीत, हे आमचं ठरलेलं उत्तर. ते खोटं नाही, पण लोक पूर्वीही तसेच शिजवायचे. दुसरं उत्तर मला जास्त पटलं, आणि त्यानेच माझी बाजू कच्ची पडली. साल्मोनेला हा एकच प्राणी नाही. अमेरिकन कोंबडीत वर्षानुवर्षं मोठ्या संख्येने सापडणारा प्रकार म्हणजे साल्मोनेला केंटकी, आणि तो तिथल्या माणसाला क्वचितच आजारी पाडतो. एन्टेरिटिडिस आणि टायफिम्युरियम पाडतात. अलीकडचा, बऱ्याच प्रतिजैविकांना न जुमानणारा इन्फँटिस पाडतो. आमची तपासणी विचारायची फक्त ‘आहे की नाही’. कुठला आहे, किती आहे, हे नाही. केंटकी घटला तरी आमचा आलेख खाली यायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

‘किती’चं गणित तर सोपं होतं. धुण्याने 99 टक्के जातात हे मान्य. पक्षी हजार जीवाणू घेऊन आला तर दहा उरतात. दहा लाख घेऊन आला तर दहा हजार. म्हणजे शेवटी काय उरणार हे ठरतं पक्षी शेडमधून काय घेऊन आला त्यावर. आणि तो काय घेऊन येतो हे ठरतं त्याच्या आईवर, ब्रीडर कळपाला लस टोचली का यावर, हॅचरीवर, खाद्यावर, शेडमधल्या उंदरांवर, दोन तुकड्यांच्या मधल्या साफसफाईवर. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, परळला पहिल्यांदा शिकवतात ते हेच. पण कारखान्यात आम्हाला पक्षी फाटकाशी येऊन मिळायचा. फाटकाच्या आत जे होतं त्याचे आम्ही मालक, आणि आत आमच्याजवळ एक जोरदार औषध होतं. ते जितकं चांगलं काम करायचं, तितकं फाटकाबाहेर बघायची गरज कमी वाटायची. कुणा शेतकऱ्याच्या शेडमधून सतत वाईट पक्षी येताहेत असं दिसलं, तर आमच्या बैठकीत पहिला प्रश्न असायचा, आम्ल थोडं वाढवता येईल का?

स्वीडनची गोष्ट मी पूर्वी हसण्यावारी न्यायचो. तिथे 1953 च्या उन्हाळ्यात आल्वेस्ता गावच्या कत्तलखान्यातून साल्मोनेलाची साथ पसरली, सुमारे नऊ हजार माणसं आजारी पडली, नव्वदेक मेली. त्या धक्क्यातून 1961 मध्ये त्यांनी कायदाच केला. कळपात साल्मोनेला सापडला की कळप नष्ट करायचा, खाद्य तपासायचं, सगळं सुरुवातीपासून. 1995 मध्ये युरोपीय संघात शिरताना बाहेरून येणाऱ्या मांसावरही त्यांनी जादा तपासणीची हमी मागून घेतली. “एवढासा देश, एवढी थंडी, कोंबडी महाग,” असं मी म्हणायचो. मग इंग्लंडकडे बघितलं. ते ना एवढंसं, ना तिथली कोंबडी महाग. 1988 मध्ये आरोग्य खात्याच्या राज्यमंत्री एडविना करी यांनी अंड्यांतल्या साल्मोनेलाबद्दल विधान केलं आणि त्यात त्यांचं मंत्रिपद गेलं. त्यानंतर अंड्यांच्या धंद्याने कोंबड्यांना लस टोचायला घेतली, रोग खाली आला आणि 2017 मध्ये सरकारी अन्नसंस्थेने गरोदर बायकांनाही सिंहछाप अंडी अर्धकच्ची खायला हरकत नाही म्हणून सांगितलं. अंड्यावर कुठलं आम्ल शिंपडून हे झालं नाही.

म्हणजे युरोपने घातलेली बंदी मला आता बरोबर वाटते का? तिच्यामागचं एक कारण बरोबर वाटतं: शेवटी धुता येणार नाही म्हटल्यावर आधीच्या पायऱ्या नीट कराव्या लागतात. लोकांना सांगितलं जाणारं कारण, की ही कोंबडी विषारी आहे, ते तेव्हाही चूक होतं आणि आजही आहे. शिवाय सोवळं तिथेही सोयीचं आहे. गायी-बैलांच्या मांसावर लॅक्टिक आम्ल मारायला युरोपने 2013 मध्येच परवानगी दिली.

आणि कॅम्पिलोबॅक्टरपुढे युरोपचं शेतही हरलं आहे. हा जीवाणू 42 अंशांच्या आसपास मजेत वाढतो, म्हणजे कोंबडीच्या पोटात तो घरीच असतो. पक्ष्याला काहीच होत नाही, म्हणून शेतकऱ्याला पत्ता लागत नाही. बाजारात त्यावर लस नाही. माणसाला तो फार थोडा पुरतो. 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रॉबिन्सन नावाच्या इंग्रज संशोधकाने दुधातून फक्त पाचशे जीवाणू स्वतः पिऊन पाहिले आणि तो आजारी पडला. ब्रिटनच्या 2014-15 च्या पाहणीत दुकानातल्या ताज्या कोंबड्यांपैकी 73 टक्क्यांवर हा सापडला. युरोपात 2019 पर्यंत त्याचे वर्षाला दोन लाखांवर रुग्ण नोंदले जात होते. त्यातल्या काहींना पुढे गियाँ-बारे होतो, हातपाय लुळे पडतात. इथे मी माझी जुनी टोपी पुन्हा घालतो: युरोपने निदान या जीवाणूसाठी तरी धुण्याला परवानगी द्यावी. मावसबहिणीला हे आवडलेलं नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याने 2024 च्या ऑगस्टमध्ये, उशिरा का होईना, योग्य प्रश्न विचारला होता. कच्च्या कोंबडीच्या एका ग्रॅममध्ये दहा किंवा जास्त साल्मोनेला असतील आणि त्यांत सर्वांत उपद्रवी प्रकारांपैकी एक जरी असेल, तर तो माल विकता येऊ नये, असा प्रस्ताव होता. किती आणि कुठला, दोन्ही त्यात होतं. कोंबडीचा उद्योग खर्चाचे आणि फुकट जाणाऱ्या मांसाचे आकडे घेऊन उभा राहिला. मी नोकरीत असतो तर त्यातले काही तक्ते माझ्याकडूनच करून घेतले असते, आणि मी ते केलेही असते. 2025 च्या एप्रिलमध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला.

महाराष्ट्रात हा वाद अजून ताटापर्यंत आलेला नाही. आपल्याकडे अजूनही पुष्कळ लोक जिवंत कोंबडी बघून, समोर कापून घेतात. दोन तासांत ती रश्श्यात रटरटत असते आणि तिथे कुठलाच साल्मोनेला टिकत नाही. धोका असतो तो त्याआधी, दुकानदाराच्या ओंडक्यावर आणि आपल्या ओट्यावर, त्याच सुरीने चिरलेल्या कांद्या-कोथिंबिरीत. सिंकमध्ये नळाखाली कोंबडी खळाखळा धुतल्याने जीवाणू जात नाहीत, आजूबाजूला उडतात. हळद-मीठ चवीला लावावं, जीवाणूंसाठी नको. पण शहरांत आता पिशवीतलं, थंड केलेलं मांस घेणारे वाढताहेत आणि त्यासाठी चिलरवाले छोटे कारखाने उभे राहताहेत. माझ्या भाच्याने नाशिकजवळ असाच एक घातला आहे. परवा त्याचा फोन आला.

“मामा, चिलरच्या पाण्यात क्लोरीन किती ठेवू?”

मी सांगितलं: 20 ते 50 पीपीएम, सामू साडेसहाच्या वर जाऊ देऊ नकोस, तासातासाला मोज, पाणी वाहतं ठेव. मग विचारलं, “पिल्लं कुठल्या हॅचरीची? ब्रीडरला साल्मोनेलाची लस आहे का? शेड दोन तुकड्यांच्या मध्ये किती दिवस रिकामी ठेवतात?”

तो हसला. “मामा, पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, पक्षीही कंपनीचेच. शेतकरी फक्त सांभाळतो. मी वजनावर घेतो. असले प्रश्न विचारले तर ते गाडी दुसऱ्याकडे वळवतील.”

“विचारून तर बघ.”

“पुढच्या महिन्यात त्यांचे डॉक्टर येणार आहेत, त्यांच्याकडे विषय काढतो. तोवर क्लोरीन पन्नासच ठेवतो, चालेल ना?”

“ठेव,” मी म्हणालो.